वरचा कॉम्प्युटर दिसत नाही

"अहो, वरचा चालू आहे ना?"

"चालू आहे!"

"मग मला खाली दिसत का नाही?"

"मला काय विचारतेस? यंत्र आहे ते. म्हातारं झालं. आपण नाही का झालो!"

हे उत्तर बाईंना पाठ झालं होतं. एकवीस दिवस रोज सकाळी चहाचा कप ठेवून त्या आपल्या कॉम्प्युटरपुढे बसायच्या आणि घरातले सगळे कॉम्प्युटर जिथे दिसतात ती खिडकी उघडायच्या. सगळे म्हणजे दोनच. एक त्यांचा, खालच्या खोलीतला. दुसरा नवऱ्याचा, वरच्या खोलीतला. तर तीन आठवड्यांपासून त्या खिडकीत एकच दिसत होता, त्यांचा स्वतःचा. तो दिसून काय उपयोग? तो तर समोरच होता.

आता कुणी म्हणेल, एका घरात दोन म्हातारी माणसं, मध्ये एक जिना, मग कॉम्प्युटरला कॉम्प्युटर दिसला नाही तर एवढं आभाळ का कोसळलं? हाक मारा आणि काम भागवा. तर ते तसं नव्हतं. का नव्हतं ते सांगायचं तर पंचेचाळीस वर्षं मागं जावं लागेल.

बाई एकोणीस वर्षांच्या असताना नकाशांच्या कचेरीत लागल्या. काम ट्रेसिंगचं. म्हणजे दुसऱ्यानं काढलेला नकाशा पातळ कागदाखाली ठेवायचा आणि शाईनं जसाच्या तसा उतरवायचा. डोकं चालवायचं नाही, फक्त हात. पण बाईंचं डोकं कुठलं गप्प बसायला! दुसऱ्याच महिन्यात त्या मुख्य साहेबांपुढे जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "साहेब, या खोलीला दार नाही." साहेबांनी पाहिलं. खरंच नव्हतं. चार भिंती, खिडकी, दिवा, सगळं होतं, पण आत जायचं कुठून ते ठरवायचं राहून गेलं होतं. वर्षभरात बाई तपासणीच्या टेबलावर गेल्या आणि तिथेच राहिल्या. त्यांचं नाव पडलं लाल पेन्सिल. त्यांच्या टेबलावरून नकाशा लाल खुणेशिवाय परत गेला तर लोक चहा पाजायचे.

नवरा त्याच कचेरीत नकाशे काढायचा. हात इतका सरळ की पट्टी न लावता रेघ मारायचा, म्हणून त्याला म्हणायचे फूटपट्टी. दोघांचं जमलं तेव्हा सगळी कचेरी हसली, की चला, पेन्सिल आणि फूटपट्टी एका कंपासपेटीत गेली. प्रेमबिम काय म्हणायचं ते पुढचं. आधी बाईंना एवढंच जाणवलं होतं, की या माणसाच्या नकाशावर आपल्याला लाल खूण करायला जागा सापडत नाही. एखादी सापडायची. फार तर दोन.

निवृत्त झाल्यावरही दोघांनी काम सोडलं नाही. कचेरीतल्या एका जुन्या सोबत्याचा मुलगा घरं बांधायचा, ठेकेदार. तो छोटी छोटी कामं पाठवायचा. कुणाला वर एक मजला चढवायचा असतो, कुणाला दुकान काढायचं असतं. फूटपट्टी वरच्या खोलीत नकाशा काढायचे, कारण त्यांना येणारा प्रोग्रॅम फक्त त्याच जुन्या कॉम्प्युटरवर चालायचा आणि नवा शिकायचं त्यांनी साफ नाकारलं होतं. बाई खाली बसायच्या, कारण गुडघे. मधून एक निळी वायर जिन्याच्या कठड्यानं उतरलेली, दर दोन पायऱ्यांना लोकरीच्या तुकड्यानं बांधलेली. लेकीनं दूरच्या गावी नोकरीला जाण्याआधी हे सगळं जोडून दिलं होतं. वरच्या कॉम्प्युटरवर एक फोल्डर होता, 'तपासायचे'. नकाशा झाला की फूटपट्टी त्यात टाकायचे, बाई तो खालून उघडायच्या, कागदावर काढून लाल खुणा करायच्या, ते वर दुरुस्ती करायचे. मग दोघांच्या सह्या, काढणाऱ्याची आणि तपासणाऱ्याची. दुसरी सही नसलेला एकही कागद त्या घरातून आजवर बाहेर गेला नव्हता. बाईंना आयुष्यात अभिमान वाटावा असं फार काही नव्हतं. हे एक होतं.

आणि आता नेमका जिन्याचा नकाशा अडकला होता. ठेकेदार शुक्रवारी त्या जिन्याचं काँक्रीट ओतणार होता. भिंत चुकली तर पाडता येते हो, पण ओतलेला जिना चुकला तर घरातली माणसं जन्मभर अडखळतात. आज बुधवार उजाडला होता.

"जिना झाला का काढून?" बाई रोज विचारायच्या.

"होतोय, होतोय. शुक्रवारच्या आत देतो म्हटलं ना!"

"तयार असेल तेवढा पेन ड्राइव्हवर द्या की मग."

"अर्धवट काय देऊ? घाई करू नकोस गं."

बाईंनी करायचं ते सगळं केलं होतं. लेकीनं लिहून दिलेला कागद भिंतीवर चिकटवलेला होता, तो वरून खालपर्यंत तीनदा करून झाला. दोन्ही कॉम्प्युटर बंद करून चालू केले. वायर काढून घातली. वायर जिथे जोडलेली त्या डबीवरचा हिरवा दिवा लुकलुकतो का ते पाहिलं, लुकलुकत होता. दोन्ही कॉम्प्युटरांच्या गटाचं नाव एकच आहे का, तेही पाहिलं. लेकीला फोन केला तर ती तिकडून, "आई, आता उजवीकडे क्लिक कर, आता काय दिसतंय, नाही गं ते नाही, त्याच्या खालचं." उंटावरून शेळ्या हाकणं सोपं असतं. इकडे बाई एकदा खाली, एकदा वर. दिवसातून चार वेळा जिना चढल्यावर बाईंना वाटायचं, हा कॉम्प्युटर दुरुस्त होईल तोवर गुडघे भंगारात जातील.

शेवटी टीव्हीवाल्याला बोलावलं. हा पूर्वी टीव्ही दुरुस्त करायचा, आता कॉम्प्युटर करतो, पण नाव काही सुटलं नाही. तोही पन्नाशी उलटलेला, बॅग खाली ठेवताना "आई गं" म्हणणारा. पहिल्यांदा आला तेव्हा त्याला दिसलं, की वरच्या कॉम्प्युटरची तारीख पंधरा वर्षं मागं गेली आहे. आतला सेल संपला होता. त्यानं सेल बदलला, तारीख नीट केली आणि ऐटीत म्हणाला, "बघा आता." बघितलं. काही नाही. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला.

दुसऱ्यांदा आला तो गेल्या गुरुवारी. त्यानं जोडणीचं सगळं पुसून नव्यानं मांडलं, फोल्डर नव्यानं शेअर केला आणि काय आश्चर्य, खाली बाईंच्या पडद्यावर वरचा कॉम्प्युटर दिसला! फोल्डर उघडला. जुने नकाशे सगळे होते, फक्त जिना नव्हता. "सकाळी टाकतो," फूटपट्टी म्हणाले. बाईंना त्या दिवशी दुपारी छान झोप लागली. शुक्रवारी सकाळी पाहतात तर कॉम्प्युटर पुन्हा गायब.

आज टीव्हीवाला तिसऱ्यांदा आला. फूटपट्टी वाचनालयात गेले होते. बाई त्याच्यामागून कठडा धरत वर आल्या आणि खुर्चीत टेकल्या. तो वरच्या कॉम्प्युटरपुढे बसला. एक काळी खिडकी उघडून त्यानं काहीतरी टाइप केलं आणि चार ओळी भराभर उमटल्या.

"वायर ठीक आहे ताई. खालून हाक मारली की हा ओ देतोय."

"मग?"

तो आणखी काहीतरी उघडत गेला. मग थांबला. हात माऊसवरून काढून त्यानं मांडीवर ठेवले.

"ताई, कंटाळा आला असेल तुम्हाला. जाऊ द्या ना. पेन ड्राइव्ह वापरा."

"काय झालंय ते सांगा."

"काही नाही, जुनी मशीन आहेत..."

"हे बघा," बाई म्हणाल्या, "तीस वर्षं मी लोकांची तोंडं बघून ओळखलंय, की नकाशात चूक कुठे आहे. काय झालंय?"

टीव्हीवाल्यानं मान खाजवली. "मी गुरुवारी इथे खूण केली होती. हा फोल्डर दुसऱ्यांना दिसू दे, अशी. ती आता नाही. आणि या दुसऱ्या पानावर, अख्खा कॉम्प्युटरच कुणाला दिसू नये अशी खूण केलेली आहे. बिघडलं असतं तर काहीतरी वेडंवाकडं झालं असतं. इथे सगळं नीटनेटकं बंद केलंय. बंद करताना हा विचारतो सुद्धा, की नक्की ना? त्याला कुणीतरी हो म्हटलेलं आहे."

वरच्या खोलीत दोनच माणसं यायची. त्यातलं एक गुडघ्यांमुळे फारसं येत नव्हतं. टीव्हीवाल्याला हे समजत होतं आणि बाईंना तर समजलंच होतं. तो बॅग आवरून निघाला. "चालू करून ठेवू का?" त्यानं दारातून विचारलं. "नको," बाई म्हणाल्या.

तो गेल्यावर बाईंनी नवऱ्याच्या टेबलामागे पाहिलं. नकाशांच्या गुंडाळ्या उभ्या ठेवलेल्या होत्या. सगळ्यात पुढची नवी होती. त्यांनी ती उलगडली. जिना. पूर्ण काढलेला, बाहेरच्या दुकानातून छापून आणलेला, आणि खाली दोन सह्या. एक नवऱ्याची. दुसरी त्यांची. त्यांनी न केलेली.

गुंडाळी मांडीवर घेऊन बाई नवऱ्याच्या खुर्चीत बसल्या. रागानं का दुःखानं, ते त्यांना त्या क्षणी सांगता आलं नसतं. चाळीस वर्षं ज्या माणसाशी संसार केला त्यानं ताकास तूर लागू दिली नव्हती. रोज खालून हाक मारायची आणि त्यानं वरून हसत म्हणायचं, यंत्र म्हातारं झालं!

फूटपट्टी तासाभरानं आले. वर येऊन पाहतात तर बायको त्यांच्या खुर्चीत आणि मांडीवर जिना. ते दारातच उभे राहिले.

"कधी दिला हा ठेकेदाराला?" बाईंनी विचारलं.

"शनिवारी."

"आणि फोल्डर कुणी बंद केला?"

"मी."

"का? मी खाली मरमर मरतेय, त्या टीव्हीवाल्याला तीनदा बोलावलं, पोरीचं डोकं खाल्लं. का?"

फूटपट्टी पलंगाच्या कडेवर बसले. पायांत चप्पल तशीच होती. मग म्हणाले, "एकोणीस."

"काय एकोणीस?"

"मागच्या त्या दवाखान्याच्या नकाशावर तुझ्या एकोणीस खुणा होत्या. मी मोजल्या. कचेरीत असताना दोनच्या वर कधी गेल्या नाहीत. मागच्या वर्षी पाच झाल्या. मग अकरा. मग एकोणीस. तू काही बोलत नाहीस, नुसता कागद ठेवतेस. मला तुझी भीती वाटायला लागली गं."

"माझी?"

"तुझ्या पेन्सिलीची. पुढच्या वेळी तीस असतील. मग तू म्हणशील, पुरे आता. म्हटलं, असतात की आपल्या चुका, जातात की खपून. झाकली मूठ."

"आणि माझी सही? ती करताना लाज नाही वाटली?"

"वाटली," ते म्हणाले. "खूप वाटली."

भांडायला समोरच्यानं थोडं तरी खोटं बोलावं लागतं. बाईंनी पदरानं चष्मा पुसला, गुंडाळी टेबलावर पसरली, चार कोपऱ्यांवर चार पुस्तकं ठेवली आणि पेन्सिल मागितली. फूटपट्टींनी दिली. त्या शोधायला लागल्या. रुंदी पाहिली, उंची पाहिली, वरून पाहिलेला जिना आणि बाजूनं कापून दाखवलेला जिना ताडून पाहिला. दहाव्या मिनिटाला त्यांचा हात थांबला.

"ही बघा. वरून मोजल्या तर सोळा पायऱ्या. बाजूनं मोजल्या तर सतरा."

फूटपट्टी वाकून मोजायला लागले. दोनदा मोजल्या.

"परवा ओततोय तो," बाई म्हणाल्या. "सोळा धरल्या तर एकेक पायरी केवढी उंच होईल! कुणी म्हातारं माणूस पडलं म्हणजे? लावा फोन."

"तू सांग ना."

"काढला कुणी? तुम्ही लावा. आणि मोठ्यानं ऐकू येईल असा ठेवा."

खरं सांगायचं तर बाईंना त्या वेळी वाईट वाटत होतं, पण थोडं बरंही वाटत होतं. नवऱ्याचा हात थकला, मान्य. पण आपली नजर शाबूत आहे. आपण होतो म्हणून चाललं होतं. तीन आठवडे आपण नव्हतो, तर बघा काय झालं.

फूटपट्टींनी फोन लावला. ठेकेदारानं लगेच उचलला, मागं कुठेतरी मशीन घरघरत होतं.

"बोला काका!"

"अरे, त्या जिन्यात चूक आहे. माझी चूक. पायऱ्या सतरा हव्यात. थांबव ते काम."

"ते होय! अहो, ते मिस्त्रीनं सोमवारीच पकडलं. सतराच घेतल्यात आम्ही. तुम्ही अजिबात काळजी करू नका."

"पकडलं? मग मला फोन नाही केलास?"

"कशाला काका उगाच त्रास तुम्हाला! सहा-आठ महिने झाले, मिस्त्रीच बघून घेतो. तुमचा कागद आला की तो आधी टेप घेऊन बसतो. ते शिंप्याचं दुकान केलं ना आपण, पाच महिन्यांपूर्वी? त्यातही होतीच की एक मोठी. त्यानं जागेवर निस्तरली. आमची बोंब कधी ऐकू आली का तुम्हाला?"

फूटपट्टी फोनकडे वाकले. मग म्हणाले, "मग आम्हाला काम कशाला देतोस रे?"

पलीकडचं मशीन बंद झालं. "बाबांनी सांगितलंय काका. काका-काकूंचं काम बंद करायचं नाही म्हणून. आणि तुमच्याकडून आलं की बाबा मला विचारतात, बरे आहेत ना दोघं? ते राहू द्या. पुढच्या आठवड्यात एका गोदामाचं पाठवतो. सावकाश काढा, घाई नाही."

फोन बंद झाला.

सहा-आठ महिने. फोल्डर बंद होऊन झाले होते एकवीस दिवस. त्याआधीचे सगळे नकाशे त्यांनी तपासले होते. शिंप्याचं दुकान तर दोन दिवस डोळ्यांत तेल घालून तपासलं होतं, सात खुणा केल्या होत्या आणि खाली स्वतःच्या हातानं सही केली होती. ती सही कुणी चोरलेली नव्हती. नवऱ्याच्या चुका मोजता मोजता आपल्या नजरेतून काय काय निसटून गेलं, ते मोजायला मात्र कुणी नव्हतं. एक मिस्त्री होता, आणि तो बिचारा बोलत नव्हता.

"त्याचं काय मनावर घेतेस," फूटपट्टी म्हणाले. "या पोरांना महिने कळतात कुठे. तीन आठवडे म्हणायचं असेल त्याला."

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. हा माणूस आत्ताच त्यांच्यापुढे चोरासारखा बसला होता, आणि आता त्यांच्यावरच पांघरूण घालत होता. बाईंना रडू आलं. चाळीस वर्षांत या माणसानं एकदाही म्हटलं नव्हतं, की तुझ्याकडून राहिलं. आणि त्यांनी किती वेळा म्हटलं होतं, त्याला मोजदाद नव्हती.

"ते शिंप्याचं दुकान काढा," त्या म्हणाल्या.

"कशाला गं?"

"काढा म्हणते ना."

फूटपट्टींनी गुंडाळ्यांतून ते शोधून काढलं आणि जिन्यावर पसरलं. दोघं दोन बाजूंनी वाकले. दुकान एवढंसं होतं. पुढं काउंटर, मागं शिलाईची जागा, एक कोपरा कपडे घालून बघायला, एक खिडकी, दोन दारं. बाई डावीकडून सुरू झाल्या. दार बघितलं, कुठल्या बाजूला उघडतं ते बघितलं. भिंतींची जाडी बघितली. मापं एकमेकांना जुळवली. यात चूक आहे हे आता ठाऊक होतं, मोठी आहे हेही ठाऊक होतं. ती इथेच कुठेतरी, या हातभर कागदात, उघडी पडलेली होती. एका माणसानं टेप लावून ती सहज पाहिली होती.

खाली कुणीतरी फाटक वाजवून गेलं. दोघांनीही मान वर केली नाही.

"सापडली?" बऱ्याच वेळानं फूटपट्टींनी विचारलं.

"नाही. तुम्हाला?"

"नाही."

बाईंनी पुन्हा पहिल्यापासून पाहिलं, आता बोट ठेवून. काउंटर, शिलाईची जागा, कोपरा, खिडकी, दोन दारं. सगळं बरोबर दिसत होतं. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली.

"मिस्त्रीला विचारायचं का?" फूटपट्टी हळूच म्हणाले.

"विचारा," बाई म्हणाल्या. "आणि त्या पोराला सांगा, गोदामाचं पाठवू नकोस. माझ्याकडूनही सांगा."